बोट्युलिनम जंतुविष व पुरुषांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या सूक्ष्मजंतूपासून मिळणारे जंतुविष अत्यल्प प्रमाणात चेहऱ्याच्या स्नायूंत टोचले असता ते स्नायू काही महिने शिथिल राहतात व त्यांच्या आकुंचनामुळे त्वचेवर पडणाऱ्या सुरकुत्या पुसट होतात. सौंदर्योपचारात हा उपाय विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. ‘बोटॉक्स’ हे त्यासाठी सर्वत्र बोलले जाणारे नाव वस्तुतः एका विशिष्ट उत्पादनाचे व्यापारी नाव आहे. हा उपचार प्रारंभी बहुतांशी स्त्रियांनी घेतला. एकविसाव्या शतकात पुरुषही तो घेऊ लागले. ज्ञात विषांपैकी सर्वांत तीव्र अशा या द्रव्याचा दारिद्र्यातील अन्नविषबाधेपासून संपन्न समाजातील सौंदर्योपचारापर्यंतचा प्रवास वैद्यकाच्या इतिहासातील एक लक्षणीय प्रकरण आहे. [→ अन्नविषबाधा].

पूर्वपीठिका : वार्धक्याची चिन्हे चेहऱ्यावरून नाहीशी करण्याची इच्छा केवळ स्त्रियांची होती, असा समज इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. इ. स. पू. सु. १६०० मधील एडविन स्मिथ पपायरस या ईजिप्शियन वैद्यकीय हस्तलिखिताच्या मागील बाजूस वृद्ध पुरुषाला तरुण बनविण्याची एक कृती दिलेली असून तीत सुरकुत्या घालविणाऱ्या तेलाचे वर्णन आहे. भारतीय परंपरेत अश्विनीकुमारांनी तारुण्य बहाल केलेला च्यवन ऋषी आणि पुत्राचे तारुण्य मागून घेणारा ययाती राजा हे दोघेही पुरुषच होत. चरकसंहितेतील रसायनप्रकरणात च्यवनाचा उल्लेख आहे. सुरकुत्या व पिकलेले केस यांसाठी संस्कृतात ‘वलीपलित’ असा जोडशब्दच रूढ आहे. मात्र या जुन्या उपायांमागील कल्पना संपूर्ण देहाला बल व दीर्घायुष्य लाभावे अशी होती. त्वचेखालील एखादा स्नायू निष्क्रिय करून केवळ वार्धक्याचे चिन्ह पुसावयाचे, ही कल्पना पूर्णतः आधुनिक आहे.

विषाचा शोध : अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण जर्मनीतील वुर्टेंबर्ग राज्यात धुरावलेले व रक्तमिश्रित सॉसेज खाऊन अनेक माणसे दगावू लागली. नेपोलियनच्या युद्धांमुळे आलेल्या दारिद्र्यात गावोगावी अन्न तयार करण्याची व टिकविण्याची पद्धत निष्काळजीपणाची झाली होती. १८०२ मध्ये श्टुटगार्ट येथील शासनाने अशा सॉसेजांविषयी जाहीर इशारा दिला. या विषबाधेचा पद्धतशीर अभ्यास युस्टिनुस केर्नर (१७८६–१८६२) या शासकीय वैद्याने केला. हे गृहस्थ स्वाबियन संप्रदायातील कवी म्हणूनही प्रसिद्ध होते. १८२० मध्ये त्यांनी ७६ रुग्णांचे व १८२२ मध्ये १५५ रुग्णांचे वृत्तांत प्रसिद्ध केले. तोंडाला कोरड पडणे, पापण्या गळणे, बाहुल्या विस्फारणे, गिळता न येणे आणि शेवटी श्वास बंद पडणे ही लक्षणे त्यांनी अचूक टिपली. रुग्णाची शुद्ध मात्र अखेरपर्यंत कायम राहते, हेही त्यांनी नोंदविले. प्राण्यांवर व स्वतःवरही प्रयोग करून हे विष तंत्रिकांकडून (मज्जांकडून) येणाऱ्या संदेशात खंड पाडते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अत्यल्प मात्रेत हेच विष अनैच्छिक हालचालींच्या विकारांवर औषध ठरू शकेल, असे त्यांचे अनुमान होते. ते प्रत्यक्षात येण्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. लॅटिनमधील ‘बोट्युलस’ म्हणजे सॉसेज. त्यावरून पुढे या रोगास बोट्युलिझम हे नाव पडले.

डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधील एलझेल या खेड्यात एका अंत्ययात्रेनंतर वादकांनी खारविलेले डुकराचे मांस खाल्ले. त्यांपैकी अनेक जण आजारी पडले व तिघे मृत्यू पावले. गेंट विद्यापीठातील प्राध्यापक एमिल व्हान एर्मेंजेम (१८५१–१९३२) यांनी ते मांस व मृतांच्या शरीरातील ऊतक तपासून ऑक्सिजनविरहित जागी वाढणारा सूक्ष्मजंतू वेगळा केला व १८९७ मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. पुढे या जंतूच्या विषाचे ए, बी असे प्रतिजन गुणधर्मांवरून भिन्न प्रकार आढळले. ए ते जी हे सात प्रकार सर्वमान्य असून सौंदर्योपचारात प्रामुख्याने ए प्रकार वापरला जातो.

युद्धप्रयोगशाळेतून रुग्णालयाकडे : दुसऱ्या महायुद्धात शत्रू हे विष शस्त्र म्हणून वापरील अशी भीती निर्माण झाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मेरिलंड राज्यातील कँप डेट्रिक येथे त्यावर संशोधन सुरू झाले व १९४६ मध्ये ए प्रकारचे विष स्फटिकरूपात मिळविण्यात आले. तेथे काम केलेले जीवरसायनशास्त्रज्ञ एडवर्ड शांट्झ (१९०८–२००५) १९७२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले आणि शुद्ध विष इतर संशोधकांना पुरवू लागले. १९४९ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी हे विष तंत्रिकेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन या रसायनाचे स्रवण रोखते, हे दाखवून दिले होते. त्यामुळे अतिक्रियाशील स्नायू विषाने शांत करता येईल, या विचारास शास्त्रीय आधार मिळाला.

सॅन फ्रॅन्सिस्को येथील नेत्रवैद्य ॲलन स्कॉट (१९३२–२०२१) तिरळेपणावर शस्त्रक्रियेला पर्याय शोधत होते. शांट्झ यांनी पुरविलेले विष त्यांनी माकडांच्या डोळ्यांच्या स्नायूंत टोचले व १९७३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. मानवावरील उपचारांचा वृत्तांत १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. शांट्झ यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये तयार केलेला विषाचा एकच साठा अमेरिकेतील रुग्णांसाठी १९९७ पर्यंत पुरला. डोळ्यांच्या पापण्या अनावरपणे मिटून राहणाऱ्या रुग्णांना (ज्यांची दृष्टी शाबूत असूनही जे व्यवहारात अंध असतात) या औषधाने पुन्हा पाहता येऊ लागले. १९८६ मध्ये उत्पादनाच्या जबाबदारीचा विमा मिळेनासा झाल्यामुळे पुरवठा काही महिने थांबला, तेव्हा अमेरिकेतील अशा रुग्णांना उपचारासाठी कॅनडात जावे लागले. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांचे आचके या विकारांसाठी औषधास मान्यता दिली. त्यानंतर ॲलर्गन या कंपनीने ते आपल्याकडे घेऊन ‘बोटॉक्स’ या नावाने विक्रीस आणले.

सुरकुत्यांवरील उपयोग : व्हँकूव्हर येथील नेत्रवैद्या जीन कॅरदर्स यांनी स्कॉट यांच्याबरोबर काम केले होते. १९८७ च्या सुमारास पापण्यांच्या आचक्यांसाठी उपचार घेणाऱ्या त्यांच्या एका रुग्ण स्त्रीने भुवयांच्या मध्ये टोचले नसल्याबद्दल तक्रार केली. तेथे टोचले म्हणजे आपला चेहरा निश्चिंत दिसतो, असे तिचे म्हणणे होते. जीन यांनी ही गोष्ट आपले पती, त्वचारोगतज्ज्ञ ॲलिस्टर कॅरदर्स यांना सांगितली. भुवयांमधील उभ्या आठ्यांवर त्या काळी समाधानकारक उपाय नव्हता. या दांपत्याने १८ रुग्णांवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. विष चेहऱ्यात टोचण्याच्या कल्पनेचे वैद्यकीय परिषदांतून प्रथम थंडेच स्वागत झाले. परंतु दशकाच्या अखेरीपर्यंत हा उपयोग अधिकृत मान्यतेविनाच फैलावला. एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेत भुवयांमधील आठ्यांसाठी, २०१३ मध्ये डोळ्यांच्या बाहेरील कडांच्या सुरकुत्यांसाठी, २०१७ मध्ये कपाळावरील आडव्या सुरकुत्यांसाठी आणि २०२४ मध्ये मानेवरील उभ्या पट्ट्यांसाठी मान्यता मिळाली. २००९ पासून इतर कंपन्यांची तत्सम उत्पादनेही तेथे मान्य झाली. त्यांची एकके परस्परांशी समतुल्य नसल्याने एकाची मात्रा दुसऱ्यास लावता येत नाही.

क्रिया : हे विष म्हणजे सु. दीड लाख डाल्टन रेणुभाराचे प्रथिन असून त्याचे जड व हलकी असे दोन भाग असतात. जड भाग तंत्रिकेच्या टोकाला चिकटून विषाला पेशीत प्रवेश मिळवून देतो. हलका भाग एंझाइमाप्रमाणे (जीवरासायनिक विक्रिया घडविणाऱ्या प्रथिनाप्रमाणे) कार्य करून, ॲसिटिलकोलीन बाहेर टाकण्यास आवश्यक असलेले एक प्रथिन तोडतो. परिणामी स्नायूला आकुंचनाचा आदेश पोहोचत नाही. दोन-तीन दिवसांत परिणाम दिसू लागतो, सु. दोन आठवड्यांत तो पूर्णत्वास जातो व तीन ते चार महिन्यांनी तंत्रिकेचे कार्य पूर्ववत झाल्यावर ओसरतो. म्हणून उपचार वारंवार घ्यावा लागतो. स्नायूंच्या हालचालीमुळे पडणाऱ्या सुरकुत्यांवरच त्याचा प्रभाव पडतो. उन्हाने किंवा वयोमानाने त्वचा सैल पडल्यामुळे उमटलेल्या, चेहरा स्थिर असतानाही दिसणाऱ्या रेषा त्याने पूर्णपणे जात नाहीत.

मात्रा एककांत मोजतात. मूळ व्याख्येनुसार विशिष्ट वजनाच्या उंदरांच्या एका गटातील निम्म्या उंदरांना मारक ठरणारी मात्रा म्हणजे एक एकक होय. २०११ मध्ये अमेरिकेत एका उत्पादनासाठी उंदरांऐवजी पेशींवर चाचणी करण्याची पद्धत मान्य झाली. प्राण्यांवरील प्रयोगांवरून केलेल्या अंदाजानुसार ७० किग्रॅ. वजनाच्या मनुष्यास शिरेतून दिलेले सु. ०·०९ ते ०·१५ मायक्रोग्रॅम विष मारक ठरते. बोटॉक्सच्या १०० एककांच्या कुपीत प्रथिनाचे प्रमाण सु. ०·००५ मायक्रोग्रॅम असते आणि भुवयांमधील आठ्यांसाठी त्यांतील २० एकके पाच ठिकाणी विभागून टोचतात. उपचाराची सुरक्षितता सर्वस्वी या मोजमापाच्या काटेकोरपणावर अवलंबून आहे.

पुरुषांतील वैशिष्ट्ये : पुरुषाच्या चेहऱ्याची घडण स्त्रीच्या चेहऱ्याहून भिन्न असते. कवटी मोठी, भुवयांखालील अस्थिकंगोरा अधिक पुढे आलेला, त्वचा जाड व स्नायू अधिक भरीव असतात. भुवया खाली व बऱ्याचशा सरळ असतात. उपचार घेणाऱ्यांत व म्हणून चाचण्यांतही स्त्रियांची संख्या पुष्कळ अधिक असल्यामुळे नेहमीच्या मात्रा प्रामुख्याने स्त्रियांच्या अनुभवावरून ठरल्या. कॅरदर्स दांपत्याने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८० पुरुषांना २०, ४०, ६० किंवा ८० एकके देण्यात आली. त्यात २० एककांपेक्षा ४० व त्याहून अधिक एककांचा परिणाम अधिक चांगला आढळला. त्यामुळे अनेक चिकित्सक पुरुषांसाठी वाढीव मात्रा वापरतात. अधिकृत पत्रकातील मात्रा मात्र स्त्री व पुरुष दोघांसाठी सारखीच आहे.

टोचण्याच्या जागांतही फरक करावा लागतो. ललाट स्नायूचा केवळ मध्यभाग शिथिल केला, तर भुवईची बाहेरील बाजू कमानीसारखी उचलली जाते. स्त्रीच्या चेहऱ्यावर थोडी कमान शोभते असे मानले जाते; पुरुषाच्या चेहऱ्यावर ती विसंगत दिसते. उलट हा स्नायू प्रमाणाबाहेर शिथिल केल्यास मुळातच खाली असलेल्या भुवया अधिक खाली येऊन डोळे जड दिसतात. दाढीच्या केसांमुळे चेहऱ्याच्या खालच्या भागात रक्तवाहिन्या विपुल असतात. म्हणून तेथे टोचल्यावर काळेनिळे डाग पडण्याचा संभव अधिक असतो. टक्कल पडलेल्या पुरुषांत कपाळाची सीमा ठरविणे अवघड जाते व सुरकुत्यांची रांग डोक्याच्या वरच्या भागापर्यंत गेलेली असू शकते.

सामाजिक बाजू : चेहऱ्यावरील रेषांना समाज अर्थ देत असतो. कपाळाला आठ्या घालणे, भुवया उंचावणे, नाक मुरडणे हे मराठीतील वाक्प्रचार स्नायूंच्या हालचालींवरूनच मनाची अवस्था सांगतात. गीयोम द्यूशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये विजेच्या साहाय्याने चेहऱ्याचे एकेक स्नायू उद्दीपित करून त्यांचे भावदर्शनातील कार्य दाखविले. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये भुवया आकसणाऱ्या स्नायूच्या आकुंचनाचा संबंध विचारात किंवा कृतीत आलेल्या अडचणीशी जोडला. हाच स्नायू या उपचाराचे पहिले लक्ष्य ठरला. पुरुषाच्या कपाळावरील रेषा अनुभवाच्या व अधिकाराच्या निदर्शक मानण्याची रीत जुनी आहे. स्त्रीच्या चेहऱ्यावरील त्याच रेषांना मात्र उतारवयाचे लक्षण ठरविले गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुरुषांबाबतचा हा दृष्टिकोन बदलू लागला. उतारवयातही नोकरी बदलण्याची वेळ येणे, तरुण सहकाऱ्यांशी स्पर्धा, छायाचित्रे व चित्रफितींचा सुळसुळाट यांमुळे थकलेला किंवा रागावलेला दिसणारा चेहरा ही पुरुषांनाही अडचण वाटू लागली. अमेरिकेत ‘ब्रो’ या पुरुषांनी पुरुषांना मारावयाच्या सलगीच्या हाकेशी व्यापारी नावाचा सांधा जुळवून ‘ब्रोटॉक्स’ हा शब्द प्रचारात आला. हा शब्दच काही सांगून जातो : स्त्रियांचा समजला जाणारा उपचार पुरुषाने संकोचाशिवाय घ्यावा, म्हणून त्याला वेगळे नाव द्यावे लागले. तरीही अमेरिकेतील प्लॅस्टिक शल्यचिकित्सकांच्या आकडेवारीत २०१० नंतरच्या दशकात पुरुषांचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच राहिला. भारतातही मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील त्वचारोगतज्ज्ञ पुरुषांना हा उपचार देतात.

आठ्या घालता न येणाऱ्या मनुष्याच्या मनावरही परिणाम होतो काय, हा प्रश्न संशोधकांनी हाती घेतला आहे. २०१२ मध्ये स्वित्झर्लंड व जर्मनीतील संशोधकांनी ३० विषण्णताग्रस्त रुग्णांवर केलेल्या चाचणीत भुवयांमध्ये विष टोचलेल्या गटाची लक्षणे अधिक प्रमाणात कमी झालेली आढळली. तथापि रुग्णाला आरशात स्वतःचे कपाळ दिसत असल्यामुळे आपणास खरे औषध मिळाले की नाही हे त्याला कळते व चाचणीची निःपक्षता धोक्यात येते, असा आक्षेप घेतला जातो.

धोके व नियंत्रण : प्रशिक्षित व्यक्तीने योग्य मात्रेत केलेल्या उपचारात डोकेदुखी, टोचल्या जागी डाग, पापणी तात्पुरती गळणे हे दोष प्रामुख्याने संभवतात. तंत्रिका-स्नायू संधीचे विकार असलेल्यांना विशेष सावधगिरीची गरज असते. काही प्रतिजैविकांमुळेही विषाचा परिणाम वाढतो. विष टोचल्या जागेपासून दूर पसरून गिळण्यास व श्वसनास अडथळा आल्याचे प्रसंग इतर विकारांवरील, विशेषतः मोठ्या मात्रांच्या, उपचारांत नोंदले गेले. त्यामुळे २००९ मध्ये अमेरिकेच्या प्रशासनाने अशा सर्व उत्पादनांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले.

खरी आपत्ती मात्र नियमबाह्य द्रव्याने ओढवते. नोव्हेंबर २००४ मध्ये फ्लॉरिडा राज्यात केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी असलेले विष सौंदर्योपचार म्हणून टोचून घेतल्यामुळे चार जणांना तीव्र बोट्युलिझम झाला व त्यांना कृत्रिम श्वसनावर ठेवावे लागले. या चौघांत टोचणारा वैद्यही होता. केर्नर यांनी वर्णिलेली लक्षणे जवळजवळ दोनशे वर्षांनी, उपासमारीमुळे नव्हे तर स्वस्तात मिळणाऱ्या तारुण्याच्या मोहामुळे, पुन्हा दिसली. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील आरोग्य यंत्रणांनी ११ राज्यांतील २२ व्यक्तींना बनावट किंवा अयोग्य रीतीने टोचलेल्या द्रव्यामुळे अपाय झाल्याचे जाहीर केले. त्यांपैकी अनेकांनी हा उपचार घरी अथवा वैद्यकीय नसलेल्या ठिकाणी घेतला होता. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालील व्यक्तींना सौंदर्यासाठी हे विष टोचणे कायद्याने गुन्हा ठरले.

पुरुषांच्या बाबतीत या धोक्यांना संकोचाची जोड मिळते. हा उपचार आपण घेतला हे लपविण्याकडे ज्याचा कल असतो, तो मनुष्य ओळखीच्या वैद्याकडे न जाता आडवाटेचा, कमी प्रश्न विचारणारा मार्ग पत्करण्याचा संभव असतो; आपले जुने आजार व चालू औषधे यांची माहितीही तो देत नाही. टोचणाऱ्याची अर्हता काय, कुपीवर उत्पादकाचे नाव व तुकडीचा क्रमांक आहे की नाही, किती एकके दिली गेली, हे विचारणे व लिहून घेणे रुग्णाच्या हिताचे असते. उपचाराचा परिणाम काही महिन्यांनी ओसरतो व स्नायू पूर्ववत आकसू लागतो. म्हणून हा निर्णय एकदाच घ्यावयाचा नसून प्रत्येक वेळी नव्याने घ्यावयाचा असतो.